शोकेसमधला गोल फोटो

४ मार्च

खारूबाई,

पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. आठीसकट पुढे वाच. फोन केला की जावईबापू उचलतात, आणि आम्ही दोघं सासरे-जावई उन्हाळा यंदा लवकर लागला यावर इतकं बोलतो की वेधशाळेने नोकरी द्यावी. तुझ्यापर्यंत पोचायचं तर कागदच बरा. कागद मधेच ठेवून देता येतो, पण तो गप्प बसत नाही.

बातमी अशी, की क्लिनिकच्या डॉक्टरबाई स्वतः स्टुडिओत आल्या होत्या. त्याच, तुझ्या. आता केस पांढरे झालेत, पण चाल तीच, चपला वाजवत. त्यांनी वरचा मजलाही घेतलाय. तिथल्या बसायच्या खोलीत एक अख्खी भिंत त्यांना बाळांच्या फोटोंनी भरायची आहे. त्यांच्याकडे उपचार घेऊन झालेली बाळं. "काका, फ्रेम तुम्हीच करायच्या. मशीनमधून निघालेले फोटो लावले की भिंत दुकानासारखी दिसते," म्हणाल्या. मी हो म्हटलं. हल्ली माझ्याकडे पासपोर्टच्या फोटोपलीकडे कुणी येत नाही, आणि पासपोर्टला हसायला बंदी. दिवसभर न हसणाऱ्या माणसांचे फोटो काढून माझंही तोंड तसंच व्हायला लागलं होतं.

मापं घ्यायला गेलो तेव्हा दाराशी नवा बोर्ड पाहिला. यशाचं प्रमाण साठ टक्के. खारू, साठ! तुझ्या वेळी चाळीस होतं, आठवतं? मी तिथेच उभा राहून बेरीज केली. पहिल्या खेपेचे चाळीस, दुसऱ्या खेपेचे चाळीस, आणि आता हे साठ. आपण तर शंभराच्याही पुढे निघून गेलो. आता कसली भीती?

तेव्हा रागावू नकोस, मी तुझं नाव घालून आलोय. वीस मेची वेळ मिळाली आहे. येऊन नुसतं भेटायचं, बाकीचं मागाहून. वरची खोली झाडून ठेवलीय. तुझी उशी उन्हात टाकली.

स्टुडिओतलं ते बुटकं लाकडी स्टूल आठवतं का, ज्यावर गावातली सगळी लहान मुलं बसवली? आणि ते पिवळं रबरी बदक, जे दाबलं की रडकं पोरही कॅमेऱ्याकडे बघायचं? दोन्ही जागेवर आहेत. परवा दुपारी आतल्या खोलीत बदक वाजलं. मांजर शिरलं असेल.

आणि हो, तो फोटो तू म्हणालीस तसा शोकेसमधून काढून ठेवलाय. केव्हाच.

आमचे प्राथमिक शाळेतले मास्तर कविता शिकवायचे नाहीत, नुसती म्हणायचे. डोळे मिटून. अर्थ विचारला की सांगायचे, "तुझं वय झालं की तो स्वतःच येईल भेटायला." सत्तरी उलटली. कुठला कुठला अर्थ दारात येऊन उभा असतो हल्ली, आणि मला त्याची कविता आठवत नाही. म्हणून मीच एक करायला घेतली आहे, लहान मुलांसाठी. तीन ओळी झाल्यात. चौथी झाली की पाठवीन.

तुझा,
बाबा


१९ मार्च

खारू,

जावईबापूंचा फोन आला. म्हणाले, "बाबा, ती नाही म्हणते."

"तिला द्या फोन."

"ती इथेच आहे. मान हलवतेय."

"कुठली मान? होची की नाहीची?"

"बाबा..." एवढंच म्हणाले बिचारे. भला माणूस आहे. तुम्हा दोघांमध्ये उभा राहून त्याचा अगदी दुभाष्या झालाय.

बरं, तू नाही म्हण. पण मला काय कळलं ते तर ऐक. मला वाटलं होतं हे पत्र तुला वळवायला लिहीन. आता ते कशासाठी लिहितोय, मलाच धड कळत नाही.

क्लिनिकमध्ये मी भिंतीवर खुणा करत होतो. मागून आवाज आला, "आजोबा, पट्टी उलटी धरलीत." वळून बघतो तर बाकावर एक बाई, मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, हातात लाल पेन. शाळेत गणित शिकवतात. रोज सकाळी शाळेआधी इंजेक्शन घ्यायला येतात आणि नंबर लागेपर्यंत पेपर तपासतात. "एवढ्या मुलांना नापास करताय, नंबर मागे ढकलतील तुमचा," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "ढकलू देत, आणखी एक गठ्ठा घरी आहे."

सूत जमलं. मी त्यांना माझी बेरीज सांगितली. चाळीस, चाळीस आणि साठ. त्या इतक्या मोठ्याने हसल्या की सगळी खोली वळून बघायला लागली.

"माफ करा हं. अहो, पण टक्के असे गोळा होत नाहीत. दर खेपेला पाटी कोरी. दोनदा छापा पडला म्हणून तिसऱ्यांदा काटा पडायचं नाण्यावर कर्ज नसतं."

"पण साठ तर आहेत ना?"

"कशातले साठ, ते विचारायला हवं. मी विचारलं नाही. वर्गात पोरांना रोज ओरडते, आधी प्रश्न नीट वाचा म्हणून. इथे मात्र मीच वाचला नाही. ही तिसरी खेप आहे माझी."

मी विचारायला गेलो. डॉक्टरबाईंनी बसवून घेतलं, पाणी दिलं. लबाड बाई नाही ती, खारू. म्हणाल्या, "काका, आकडा खोटा नाही. अडतिशीच्या आतल्या बायका, त्यांच्यातही ज्यांचा गर्भ तयार होऊन आत सोडण्यापर्यंत मजल गेली त्या, आणि त्यांच्यातल्या ज्यांची टेस्ट पॉझिटिव्ह आली त्या. शंभरात साठ."

"आणि ज्यांनी मूल घरी नेलं त्या?"

"त्या कमी."

"ज्यांचं मधेच थांबलं? बीजच हाती लागलं नाही, गर्भच धरला नाही?"

"त्या या हिशेबात येतच नाहीत."

"आणि एकेचाळीस वर्षांची?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "स्वतःच्या बीजाने? शंभरात पाच-सात. मी दहा म्हणाले, तर तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाले असं समजा."

मी घरी आलो आणि शोकेससमोर उभा राहिलो. गल्लीतली माणसं म्हणायची, फोटोवाल्यांचा एक फोटो कधी बिघडला नाही. कसा दिसेल बिघडलेला? काचेत लावायचे ते साधलेले. डोळे मिटलेले, हललेले, रडून लाल झालेले, सगळे आत टीनच्या डब्यात. जन्मभर मी हेच केलं, आणि दुसऱ्याचा बोर्ड वाचताना मला तो डबा आठवला नाही. तुला मी धीर देत होतो चाळीस टक्के म्हणून. तू ऐकून घ्यायचीस. तुला माहीत होतं का गं?

पण एक राहिलंच. निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीची दुसरी खेप पॉझिटिव्ह होती ना? म्हणजे त्या वर्षीच्या चाळिसांत ती आहेच."

आहेच म्हणाल्या! म्हणजे ते आलं होतं, खारू. ते काही आठवड्यांचं. आपण म्हणत होतो की गेलं, झालंच नाही, आता बोलायचं नाही. आणि तिकडे ते आलेल्यांत मोजलेलं आहे. त्या वर्षी कुणी बोर्ड वाचला असेल, कुणाला धीर आला असेल, तर त्यात आपल्या गोल ठिपक्याचाही वाटा आहे. मला रस्त्यात रडू आलं. सुखाचं की कसलं, विचारू नकोस. भाजीवाल्याने मला सावलीत बसवलं.

बदक पुन्हा वाजलं. मांजर नव्हतं. दार आतून बंद होतं.

बाबा

ता. क. ऊन फार आहे यंदा. शोकेसमधला फोटो लवकर उडतो, नवी प्रत काढावी लागेल. म्हणजे तो जोडप्याचा, लग्नातला. तो म्हणतोय.


११ एप्रिल

खारू,

भिंत झाली. सुंदर झाली. कुणी टोपीतलं, कुणी टबातलं, एक पठ्ठ्या तर जांभई देतोय. प्रत्येकाला मी पांढऱ्या पुठ्ठ्याचा माउंट आणि सागवानी पट्टी केली. भिंतीसमोर उभं राहिलं की वाटतं कुणीतरी आत्ताच 'इकडे बघ' म्हटलंय.

आता जे लिहितो ते लिहायचं नव्हतं. पण नाही लिहिलं तर या पत्रात उरतं काय?

मी आपलाही लावला.

खालून दुसऱ्या ओळीत, कडेला. गर्भ सोडायच्या दिवशी त्यांनी तुला यंत्रातून निघालेला तो करडा कागद दिला होता ना, त्याचीच मी काढलेली प्रत. गोलात गोल, फेसाच्या बुडबुड्यांसारखे एकमेकांना चिकटलेले. तीच सागवानी पट्टी, तोच माउंट. मोजलंय ना त्यांनी? मग भिंतीवर का नको? डॉक्टरबाईंनी पाहिलं नाही. नर्सला वाटलं शोभेचं काहीतरी आहे.

दुसऱ्या दिवशी मी उगाच गेलो, फ्रेम सरळ आहेत का बघायला. गणिताच्या बाई बाकावर होत्या. उत्तरपत्रिका बंद. त्यांनी बोट दाखवलं.

"आजोबा, हा कोण?"

"माझा नातू."

"अच्छा. केवढा आहे?"

"पाच पुरी होतील."

त्या उठून जवळ गेल्या. खूप वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता, वर्गात विचारावं तसं विचारलं, "कुठल्या शाळेत घातलाय?"

खारू, शाळेचं नाव माझ्या तोंडात होतं, शपथ. आपल्या कोपऱ्यावरची, निळ्या फाटकाची. मी त्या फाटकाशी उभाही राहून आलोय शाळा सुटायच्या वेळी. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून बोलता आलं नाही.

त्या म्हणाल्या, "माझ्याकडे असे दोन आहेत. कपाटात, साड्यांखाली. नवऱ्यालाही माहीत नाही." मग आवाज खाली आणून, "मी इथे येते ती या भिंतीकडे बघायचं नाही असं ठरवून. तरी मान वळते. त्या हसऱ्या बाळांचं मला काही वाटत नाही हो. ती लोकांची आहेत. हा माझा आहे. हा इथे नका ठेवू."

खिळा निघेना. त्यांनीच पेनाच्या टोकाने उचकटून दिला. पिशवीत घालताना म्हणाल्या, "मुलगी काय म्हणते तुमची?"

"ती बोलत नाही."

"हा कुठे असायचा आधी?"

"शोकेसमध्ये. दुकानाच्या."

"आणि ती राहायची कुठे?"

"वरच्या मजल्यावर."

नर्सने त्यांचा नंबर पुकारला.

घरी येताना मला तुझी पावलं ऐकू यायला लागली. पॉझिटिव्ह आलं त्या दिवशी मी तो शोकेसमध्ये लावला, मधोमध. तू हसलीस, म्हणालीस, "बाबा, लोक विचारतील हा कुठला चंद्र." मग ते गेलं. त्यानंतर तू मागच्या दाराने जायला-यायला लागलीस, डार्करूममधून, अंधारात, बाटल्यांना धक्के खात. मला वाटलं ऊन टाळतेस. मी तुझ्यासाठी तिथे दिवा लावून दिला.

तू काढा म्हणालीस, मी काढला. तुमचं सामान गेलं त्या संध्याकाळी परत लावला.

तो तिथेच आहे, खारू. लग्नातलं जोडपं वगैरे काही नाही. शोकेसमधला कुठलाही फोटो ऊन खातं, वर्षा-दीड वर्षात तोंडं फिकी होतात. म्हणून मी दर उन्हाळ्यानंतर त्याची नवी प्रत काढतो. आणि दर वेळी थोडी मोठी. आधी पासपोर्ट, मग पोस्टकार्ड, आता कॅबिनेट साइझ. मुलं वाढतात ना. मी ठरवून नाही केलं असं. पहिल्या वेळी मोठा कागद हाताशी होता, बस. मग सवय झाली. संध्याकाळी आतला दिवा लावला की काचेत माझं तोंड उमटतं, नेमकं त्या गोलावर, आणि मला त्यात कुणाचे तरी डोळे दिसतात. तुझ्या आईचे असावेत. तिला तो बघायला मिळाला नाही.

मी वेडा झालेलो नाही. ते बुटकं स्टूल मी रोज पुसतो, एवढंच.

बाबा


१३ एप्रिल

खारू,

वीस मेचं नाव खोडून आलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "विचार बदलला?" मी म्हटलं, विचार माझा होता, मुलगी तिची आहे. शंभरातल्या पाच-सातांसाठी तिला पुन्हा त्या सुयांतून जायचं असेल तर ती स्वतः येईल, स्वतः विचारेल कशातले पाच. मी तिचा आकडा वाचणार नाही.

शोकेसमधला मात्र काढता येत नाही. दोनदा काच सरकवली. हात आत जातो आणि तिथेच थांबतो. तेव्हा असं ठरवलंय, की यंदा नवी प्रत काढायची नाही. ऊन नेईल. ऊन माझ्यापेक्षा सावकाश काढतं, कुणाला दुखवत नाही. कडा आत्ताच पिवळ्या पडल्यात. मी समोरच्या पायरीवर बसून बघतो. एवढं बसू दे.

बाबा


२ मे

खारूबाई,

तुझा फोन ठेवला आणि एक काम उरकून लिहायला बसलो, कारण फोनवर मी नुसता "हं, हं" करत होतो.

पाच वर्षांनी तुझा आवाज. आधी इतका वेळ काहीच नाही, मला वाटलं लाइन गेली. मग, "बाबा, जेवलात?" जेवलो म्हटलं. मग, "शोकेसमध्ये अजून आहे ना तो?"

"पत्रात लिहिलं होतं मी..."

"पत्राआधीपासून माहीत होतं. तुम्ही काढला म्हणालात तेव्हाच. तुम्ही खोटं बोलताना घसा खाकरता."

मी खाकरलो. तू हसलीस. खारू, तू हसलीस तो आवाज अजून स्टुडिओत फिरतोय.

मग तू म्हणालीस ते मी शब्दाला शब्द लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मी म्हातारपणात फिरवणार नाही. "मला रागच आला होता, बाबा. पण रात्री झोप लागेना की वाटायचं, निदान एका ठिकाणी तो आहे. आमच्याकडे कुणी त्याचा विषयही काढत नाही. मी यंदा येणार आहे. क्लिनिकला नाही. आम्ही आता ते थांबवलंय, दोघांनी मिळून. मी फक्त घरी येणार आहे. आणि तो तुम्ही काढू नका. मी काढते."

"उन्हाने फिका होत चाललाय," मी म्हटलं.

"किती?"

"बुडबुडे निम्मे गेलेत."

श्वास तेवढा ऐकू आला. मग म्हणालीस, "जूनमध्ये येते."

फोन ठेवून मी आत गेलो. त्या जुन्या मोठ्या कॅमेऱ्याचं काळं कापड आठवतं ना, ज्याच्या आत तू लपून बसायचीस आणि मी तुला सगळ्या घरभर शोधायचं सोंग करायचो? पेटीच्या तळाशी होतं. झटकलं. शोकेसच्या काचेला आतून लावलं, चारी बाजूंनी, उन्हाचा काडीएवढा कवडसा आत जाणार नाही असं. सोनार समोरून ओरडला, "काय फोटोवाले, दुकान बंद केलंत का?" मी म्हटलं, "नाही हो, पाहुणे यायचेत."

तेवढ्यात गणिताच्या बाई रस्त्याने आल्या. त्यांची खेप काय झाली ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. काळ्या कापडाकडे बघून उभ्या राहिल्या. मग पर्समधून दोन करडे कागद काढले, मला दाखवले, परत ठेवले. "ऊन लागू द्यायचं नाही, हो ना?" म्हणाल्या. मी म्हटलं, हो.

कवितेच्या तीन ओळी पाठवतो. बऱ्या नाहीत, पण माझ्या आहेत.

गोल गोल थेंबा, सांग तुझं गाव,
कुणाच्या रे ओठी तुझं पहिलं नाव?
दार आहे उघडं, दिवा आहे मंद...

चौथी सुचत नाही. आता सुचवायचीही नाही. मास्तर असते तर डोळे मिटून तिथेच थांबले असते आणि आम्हा पोरांना वाटलं असतं, कविता एवढीच आहे.

मागच्या दारातला दिवा मी काढून टाकलाय. तू पुढून ये. काळं कापड तुझ्यासाठी तसंच असेल. त्याच्याआड काय उरलंय ते तोवर मीही बघणार नाही. तू कापड बाजूला कर, तुझ्या हाताने फ्रेम उतरव, आणि मग त्या बुटक्या स्टुलावर तू बस. गुडघे पोटाशी येतील, येऊ देत. मी तुझा एकटीचा फोटो काढीन.

आत्ता, हे लिहिताना, आत बदक वाजलं. मी उठलो नाही. इथूनच म्हटलं, "थांब जरा. आई येतेय."

बाबा